आल्गार्वे, सात फेऱ्यांनंतर

सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ असे दहा महिने मी कामानिमित्त लिस्बनमध्ये होते. तेवढ्यात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे आल्गार्वेत, सात वेळा जाऊन आले. बहुतेक वेळा एकटी, दोनदा ऑफिसातल्या मुलींबरोबर, आणि शेवटची फेरी आई-बाबांना घेऊन. सातही वेळा मुक्काम लागुशला. नकाशावर ते लागोस दिसतं, पण तिथे तसं कुणी म्हणत नाही.

पहिल्या फेरीनंतर लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते. दुसरीनंतर दोन. आता चार देते, आणि कापलेला एक तारा समुद्राचा नाही, माझ्या नियोजनाचा आहे.

पहिल्या वेळी मी रीतसर एक्सेल शीट केली होती. नऊ ते दहा दोना आना किनारा, साडेदहाला कामिलू, दुपारी पोंता दा पियेदादचे कडे, संध्याकाळी साग्रेशचा सूर्यास्त. सप्टेंबरअखेरचं ऊन, पिवळे-तांबूस कडे, खाली हिरवं पाणी. शीटवरचे सगळे रकाने भरले, फोटो झकास आले. तेव्हा वाटलं, जमलं की आपल्याला. नंतर कळलं की त्या दिवशी ओहोटीची वेळ निव्वळ नशिबाने जुळून आली होती.

नोव्हेंबरात तीच शीट घेऊन गेले. एका कड्याला वळसा घालून पलीकडच्या चिमुकल्या वाळूवर गेले, खडकाला टेकले आणि पुस्तक उघडलं. कधीतरी चपला ओल्या झाल्या म्हणून मान वर केली तर आलेली वाट नव्हतीच. कमरेएवढ्या पाण्यातून, बॅग डोक्यावर धरून, एका हाताने खडक चाचपत परत आले. बॅगेत पासपोर्ट होता. वर उभ्या असलेल्या एका आजोबांनी पोर्तुगीजमध्ये जे काही सुनावलं त्यातला एकही शब्द कळला नाही, पण अर्थ पुरेपूर कळला.

लाज वाटायचं खरं कारण पुढे आहे. आमचं गाव गुहागर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आमच्या आजोबांनी पाऊणकीच्या पाढ्याबरोबरच शिकवलं होतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब अंगात भिनलेली मी युरोपातल्या समुद्रावर मात्र उघडण्या-बंद होण्याच्या वेळा असलेल्या म्युझियमला जावं तशी गेले होते.

त्यानंतरच्या फेऱ्यांत मी शीट फेकली आणि फक्त भरती-ओहोटी मांडत गेले. पोर्तुगालच्या नौदलाची जलसर्वेक्षण संस्था बंदरागणिक भरतीचे तक्ते काढते, लागुशचाही असतो. तो पंचांगाशेजारी ठेवून पाहिलं आणि गंमत सापडली. आजोबांचा हिशेब तिथेही चालतो, फक्त वर साधारण चार तास मिळवायचे (हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा तीन). पौर्णिमेला दुपारी सव्वातीन-साडेतीनला भरती, म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक धरायचा, आणि कड्यांमागे जायचं असेल तर छापील तक्ताच पाहायचा. पण पुण्यात बसून तारखा ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

तारखा ठरवायच्या कशा? लागुशच्या कड्यांमधले किनारे लहान आहेत, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या भरतीला काही ठिकाणी बसण्यापुरतीही वाळू उरत नाही. भर दुपारी ते पाण्याखाली असतील तर तुम्ही हॉटेलचे पैसे भरून कडे वरून बघणार. आठवड्याच्या सुट्टीत पौर्णिमा किंवा अमावास्या आली तर सकाळी लवकर ओहोटी मिळते, ऊन कोवळं असतं, गर्दी नसते. आमचं कोकणातलं डोकं म्हणेल, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जा, पाणी फार वरखाली होत नाही. माझं मत उलटं. उधाणाचे दिवस घ्या, सकाळ किनाऱ्यावर घालवा, दुपारी झोपा, संध्याकाळी मेया प्रायावर जा. ती चारेक किलोमीटरची सपाट वाळू आहे, भरतीतही संपत नाही.

कड्यांबद्दल एक गंभीर गोष्ट. ते चुनखडीचे आहेत आणि ढासळतात. ऑगस्ट २००९ मध्ये आल्बुफैराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच माणसं गेली होती. सावली दिसते म्हणून कड्याच्या पायथ्याशी चटई टाकू नका, तिथे इशाऱ्याच्या पाट्या असतात त्या शोभेला नाहीत. झेंड्यांचंही तसंच. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. पिवळा म्हणजे पाय भिजवा पण पोहू नका. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला तर जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. आणि फोटोंत दिसणारी बेनागिलची गुहा, छताला भोक असलेली: तिथे आता पोहत जाता येत नाही, आतल्या वाळूवर उतरताही येत नाही. बोटीतून किंवा वाटाड्याबरोबरच्या कयाकमधून बघायची. मी बोटीतून पाहिली. बोटीत वीस जण आणि वीसही जणांचे हात वर. एकदा ठीक आहे.

आता पाणी. थंड आहे. ‘ताजंतवानं’ वगैरे नाही, थंड. फेब्रुवारीत पंधरा-सोळा अंश, जूनमध्ये एकोणीस-वीस. बाबांनी घोट्यापर्यंत पाय घातले, तीन पावलं मागे आले आणि म्हणाले, "अगं, हे फ्रीजमधलं आहे." भूमध्य समुद्राची जाहिरात डोक्यात ठेवून येणाऱ्यांची इथेच निराशा होते, कारण हा अटलांटिक आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा सुटतो, वरचं तापलेलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. साग्रेशकडे आणि पश्चिम किनाऱ्यावर हे जास्त. पूर्वेला तविराच्या बाजूला पाणी दोन-तीन अंशांनी बरं असतं, तिथे खाजणापलीकडच्या वाळूच्या बेटांवर होडीने जावं लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी लागुश सोडून तविराच सुचवेन.

पण तक्रार करताना थांबावं लागतं, कारण हेच गार पाणी तळातलं खाद्य वर आणतं आणि त्यावर मासळी पोसते. जूनमध्ये रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर सार्डिन भाजत असतात. जाडं मीठ, बाकी काही नाही. आईने पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "तारलीच की ही. जरा अंगाने भरलेली." हळद नाही, तिखट नाही, कोकम नाही, तरी सहा खाल्ल्या. काटे ताटाच्या कडेला ओळीत मांडले होते, घरी मांडते तसेच. बाबा शाकाहारी, त्यांचे मात्र हाल. भाजीचं सूप म्हणून मागवलेल्या काल्दु व्हेर्दमध्ये सॉसेजची चकती तरंगत आली. मांस नको हे मागवतानाच सांगा, आणि सांगितलं तरी वाटीत चमचा फिरवून बघा.

जेवणाबद्दल आणखी एक. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते पाहुणचाराचं नसतं, बिलात येतं. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. मला हे तिसऱ्या फेरीत कळलं.

राहण्याच्या जागेत मी एकदा सपशेल फसले. ‘समुद्रापासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं घर घेतलं. पाच मिनिटं खरी होती, गाडीने, उताराला. चढून परत यायला पस्तीस. मालकाला विचारलं तर म्हणाला, फोटोत समुद्र दिसतोय ना? दिसत होता, दोन पार्किंगच्या मधून. शिवाय फेब्रुवारीत घर आतून बाहेरपेक्षा गार. तिकडची बरीच घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, हिवाळ्यात हीटरची चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका. फेब्रुवारीचं सुख एकच, बदामाची झाडं फुललेली असतात आणि भाडं निम्म्यावर येतं. पण निम्मी हॉटेलंही बंद असतात.

आई-बाबांसाठी मी पायऱ्या मोजून जागा निवडली. कामिलूला दोनशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं. गावातच किल्ल्याला लागून एक किनारा आहे, त्याचं नाव प्राया दा बाताता. हो, बटाटाच. बटाटा, पाव, चावी हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले, पण ते गोव्यात आणि घरात ऐकणं वेगळं आणि पाटीवर वाचणं वेगळं. आईने त्या पाटीखाली फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर फक्त वड्यांचे विनोद येत राहिले. तिथून कड्यात कोरलेल्या बोगद्यातून शेजारच्या किनाऱ्यावर जाता येतं. बाबा आठवडाभर रोज सकाळी तेवढंच करत होते, जाऊन येऊन.

प्रवासाचं थोडक्यात: लिस्बनहून रेल्वे, तूनेशला गाडी बदलायची. पासष्टच्या वरच्यांना अर्धं तिकीट, परदेशी असलात तरी, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर ए-२२ महामार्गावरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून बंद झालाय. त्याआधी तिथे टोलनाकाच नव्हता, वरून कॅमेरा नंबर टिपायचा आणि पैसे कुठे भरायचे हे शोधण्यात सुट्टी जायची. लिस्बनहून खाली येणाऱ्या ए-२ वर टोल अजून आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी नव्वद युरो, विमा किमान तीस हजार युरोंचा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील होतं, म्हणून जूनसाठी आम्ही फेब्रुवारीतच कागद गोळा केले.

आम्ही तारखा ८ ते १५ जून घेतल्या होत्या, अर्थात ओहोटी बघून. त्यात १० जून आला. पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस, सगळ्या देशाला सुट्टी, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. हे मी पाहिलंच नव्हतं. आणि आईने आदल्या रात्री सांगितलं की उद्या वटपौर्णिमा. लागुशमध्ये वड कुठून आणायचा? घरमालकिणीच्या परसात अंजिराचं झाड होतं. बाबा म्हणाले, तोही वडाच्याच कुळातला, चालवून घे. आईने पुण्याहून आणलेलं सूत काढलं आणि सात फेरे घातले. घरमालकीण ओट्यावर उभी राहून बघत होती, मग आत जाऊन तिने एक खुर्ची आणली. आईला दम लागेल म्हणून.

सप्टेंबरात तिचा मेसेज आला. अंजिरं पिकली होती, फोटोत सूत अजून खोडाला होतं, थोडं काळपटलेलं. काढू का, असं विचारलं होतं. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सूत राहू दे. अंजिरं सुकवून ठेवते का विचार."