गोव्यात शिकायला येताय? पीजी, मालकाच्या घरातली खोली की फ्लॅट

कॉलेजच्या हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं असेल, तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. हॉस्टेल घ्या. नाव नसेल तर गोवा विद्यापीठात येणारे ताळगाव, दोनापावला, बांबोळी, सांताक्रूझ भागात शोधू लागतात आणि फर्मागुडीला इंजिनिअरिंगला येणारे फोंडा, ढवळी, कवळे पालथं घालतात. समोर तीन पर्याय येतात: पीजी (पेइंग गेस्ट), घरमालकाच्या घरातली खोली, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट.

कागदावर फ्लॅट स्वस्त दिसतो. समजा भाडं १८,००० आणि तिघे जण, म्हणजे डोक्यामागे ६,०००. जेवणासकट पीजी ९,०००. फरक तीन हजारांचा, पण त्यात वीज, गॅस, वायफाय, पिण्याचं पाणी आणि तुमचं जेवण बसवा. उरलंच तर थोडं. शिवाय तिसरा भिडू पहिल्या सेमिस्टरनंतर निघून गेला, तर त्याचे सहा हजार कोण भरणार, हे करारात नसतं. ते तिघांनी आधीच ठरवायचं. दोघे ओळखीचे आणि तिसरा ब्रोकरनं आणलेला असेल, तर मी फ्लॅटच्या वाटेला जाणार नाही.

मालकाच्या घरातली खोली बहुतेकदा सर्वात शांत. पाणी गेलं तर त्यांचंही जातं, त्यामुळे टँकर लवकर येतो. बदल्यात रात्री दरवाजा कधी बंद होतो, पाहुणे चालतात का, मासे रांधलेले चालतात का, हे विचारून घ्यावं लागतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांचं घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा तुमचं बाथरूम तुमचंच राहील का, हाही प्रश्न बिनधास्त विचारा. विजेचा हिशेब इथेच अडतो. घर आणि खोली एकाच मीटरवर असली, की एकत्रित वापर वरच्या, महागड्या दराच्या टप्प्यात जातो आणि मालक त्या हिशेबानं युनिटला सरसकट दर लावतो. खोलीला वेगळा सब-मीटर आहे का ते बघा, मागचं एखादं बिल मागा.

तिन्हींना सारखीच लागू पडणारी गोष्ट म्हणजे ओल. मे महिन्यात खोली बघितली तर नव्या रंगाखाली काय आहे ते कळत नाही. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती पाणी ओढतात आणि पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत आधी बघा. रंगाचे पापुद्रे जमिनीलगत सुटले असतील तर ओल खालून चढतेय. छताजवळ पिवळा डाग असेल तर स्लॅब गळतो. पहिली खालच्या मजल्यावर जवळपास ठरलेली, दुसरी दुरुस्त करून घेता येते. कपाट भिंतीपासून सरकवा, पाठीमागे वास घ्या. कपडे वाळत घालायला पत्र्याखालची जागा आहे का तेही बघा, नाहीतर जुलैभर जीन्स ओलीच. पीजीत हे फार तपासलं जात नाही, कारण एका खोलीतले चौघे मिळून तक्रार करतील असं सगळ्यांना वाटतं, आणि कोणीच करत नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. रात्री आठनंतर बस विरळ होतात. मग पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) पैसे मोजायचे, नाहीतर चालायचं. लायब्ररी किंवा लॅब उशिरापर्यंत असेल, तर भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात. स्वतःची दुचाकी असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, फक्त गाडी पावसात कुठे उभी राहील ते बघावं.

समुद्रकिनाऱ्याजवळ भाडं कमी सांगितलं तर थांबा. तिथल्या काही मालकांना पावसाळ्यात विद्यार्थी आणि सीझनला पर्यटक हवे असतात. नोव्हेंबरात खोली रिकामी करायला सांगणार नाहीत, हे करारात लिहून घ्या.

करार बहुतेकदा ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रातून येणाऱ्या पालकांना हे खटकतं, कारण तिकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्यानं राहण्याचा परवाना) करारही नोंदवावा लागतो. डिपॉझिट किती, कधी परत आणि कशासाठी कापणार, या तीन ओळी मात्र कागदावर हव्यातच. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्यासाठी गोव्यानं २०२४ साली कायदा केला आहे. त्याचा फॉर्म भरायला जो मालक टाळाटाळ करतो, तो पावतीही देणार नाही असं धरून चाला.

माझा कौल: पहिल्या वर्षाला मालकाच्या घरातली खोली किंवा जेवणाचं पीजी, आणि वर्गातली माणसं ओळखीची झाली की फ्लॅट. पीजी घेताना मात्र महिनाभर आधी नोटीस दिली तर डिपॉझिट पूर्ण मिळतं का, हे पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. तोंडी होकार पुरत नाही.