संगणक जोडावेत की काम हलते करावे? गोव्यातील संशोधन गटांसाठी एक तुलना

ताळगावच्या पठारावर, दोनापावलाला, वास्कोच्या हेडलँड सड्यावर किंवा फर्मागुडीला काम करणाऱ्या संशोधन गटापुढे आज साधारणपणे तीन प्रकारची संगणकशक्ती असते: विभागाचा स्वतःचा लहान क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच), राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या एखाद्या 'परम' यंत्रावर अर्ज करून मिळवलेला वेळ, आणि मुंबई-पुण्याच्या डेटा केंद्रांतून भाड्याने मिळणारा व्यापारी क्लाउड. एकच काम तिन्ही ठिकाणी चालवता यावे ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतील कोणता निवडावा हे ठरवणाऱ्या गटप्रमुखासाठी ही तुलना आहे. गट आठ-दहा जणांचा आहे आणि यंत्रणा सांभाळणारा माणूस एकच आहे, तोही बहुधा पीएचडीचा विद्यार्थी, असे येथे गृहीत धरले आहे. मोठ्या राष्ट्रीय केंद्रासाठी निष्कर्ष वेगळे निघतील.

मार्ग निवडण्याआधी कामाचा स्वभाव पाहावा लागतो. गाळातील सूक्ष्मजीवांच्या जनुकक्रमांची जुळवणी किंवा उपग्रहचित्रांतून समुद्रातील हरितद्रव्याचा अंदाज काढणे ही कामे सुट्या तुकड्यांची असतात. एक तुकडा येथे आणि दुसरा मुंबईत चालला, तरी निकालात फरक पडत नाही. अरबी समुद्राच्या प्रवाहांचे प्रारूप मात्र शेकडो प्रोसेसरांवर एकाच वेळी चालते आणि काळाच्या प्रत्येक पायरीला शेजारच्या चौकटींशी आकड्यांची देवाणघेवाण करते. त्याला इन्फिनिबँडसारखे जलद अंतर्गत जाळे लागते. असे काम दोन संस्थांत विभागून चालवण्याचा विचार सोडून द्यावा. ते आज एका यंत्रावर आणि उद्या दुसऱ्यावर, पण संपूर्ण चालले पाहिजे, इतकीच सुसंगतता त्याच्या बाबतीत मागता येते.

मानकांचा मार्ग

सर्वांत जुना आणि कागदावर सर्वांत नेटका मार्ग हा. ग्रिडसाठी, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांचे संगणक जोडून केलेल्या जाळ्यासाठी, मानके ठरवणारी ओपन ग्रिड फोरम ही संस्था 2006 मध्ये दोन संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. कामाचे वर्णन कसे लिहावे यासाठी जेएसडीएल (2005), ते दूरच्या यंत्राकडे कसे सोपवावे यासाठी बीईएस (2007), आणि क्लाउडवरील यंत्रे कशी मागावीत यासाठी ओसीसीआय (2011) अशी मानके या प्रवाहातून आली. त्यांची गरज खरी होती. युरोपातच जीलाइट, आर्क आणि युनिकोर अशी तीन वेगवेगळी मिडलवेअर (यंत्रे आणि वापरकर्ते यांना जोडणाऱ्या मधल्या प्रणाली) नांदत होती. सी-डॅकचा 'गरुड' ग्रिड आणि युरोपीय ग्रिड यांच्यात पूल बांधण्यासाठी ईयू-इंडियाग्रिड हा प्रकल्प 2006 मध्येच सुरू झाला होता.

तरीही नव्या गटाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व पक्षांना मान्य होईल एवढाच भाग मानकात राहिला आणि प्रत्यक्ष कामात अडणाऱ्या गोष्टी प्रत्येकाच्या खास पुरवण्यांमध्ये गेल्या. व्यापारी क्लाउड कंपन्यांना ही मानके स्वीकारण्याचे कारण नव्हते. दरम्यान 2006 मध्ये आलेल्या ॲमेझॉनच्या एसथ्री साठवणसेवेचा इंटरफेस इतका रुळला, की सेफसारखी मुक्त साठवणप्रणालीही आज त्याच भाषेत बोलते. क्लस्टरच्या जगात स्लर्म या कामांच्या रांगा लावणाऱ्या प्रणालीच्या आज्ञांनी तेच स्थान मिळवले. कोणत्याही समितीने न ठरवता ही प्रत्यक्षातली मानके झाली. युरोपच्या ईजीआय संस्थेने 2014 मध्ये सुरू केलेल्या संघीय क्लाउडमध्ये आरंभी ओसीसीआयवर भर होता, पण पुढे तोही ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड प्रणालीच्या मूळ इंटरफेसकडे वळला. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. टीआयएफआर किंवा कोलकात्याच्या व्हीईसीसीप्रमाणे सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक संगणन जाळ्यात भाग घ्यायचा असेल, तर त्या जाळ्याचे नियम पाळण्याला पर्याय नसतो. पण तो निर्णय गटाच्या पातळीवरचा नव्हेच.

पायलट जॉबचा मार्ग

येथे संगणकांना एकमेकांची भाषा शिकवली जात नाही. प्रत्येक ठिकाणच्या रांगेत आधी एक रिकामे काम, म्हणजे पायलट, पाठवले जाते. त्याला प्रोसेसर मिळाला, की ते आपल्या मध्यवर्ती सर्व्हरला कळवते आणि मग खरे काम तेथे ओढून घेतले जाते. जत्रेतल्या नाटकाला चटई टाकून आधी जागा धरतात आणि माणसे मागाहून येतात, तसाच हा प्रकार आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एचटीकॉन्डरवर आधारलेली ग्लाइड-इन पद्धत आणि सर्नच्या एलएचसीबी प्रयोगातून पुढे आलेली डिरॅक प्रणाली ही याची मुरलेली उदाहरणे आहेत. दोन्ही मुक्त आहेत आणि त्यांमागे अनेक वर्षांचा अनुभव आहे.

सुट्या तुकड्यांच्या कामासाठी हा मार्ग उत्तम आहे आणि गोव्यासाठी त्यात एक खास सोय आहे. पहिल्या पावसाच्या वाऱ्यात वीज जाऊन विभागाचा क्लस्टर बंद पडला, तर त्यावरचे तुकडे आपोआप मध्यवर्ती रांगेत परततात आणि दुसरीकडे चालू होतात. विद्यार्थ्याला सकाळी येऊन याद्या तपासाव्या लागत नाहीत. अर्थात त्यासाठी मध्यवर्ती सर्व्हर त्याच इमारतीच्या त्याच विजेवर असून चालणार नाही, तो क्लाउडवरील एखाद्या लहान यंत्रावर ठेवावा. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. अनेक सुपरकॉम्प्युटरांवर गणन करणाऱ्या नोडना (क्लस्टरमधील एकेका संगणकाला) बाहेरचे इंटरनेट मिळत नाही, त्यामुळे पायलटला घरी निरोपच पाठवता येत नाही. शिवाय रिकामे काम रांगेत घालणे काही व्यवस्थापकांना मुळातच मान्य नसते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे नाही.

कंटेनर आणि कार्यप्रवाहाचा मार्ग

संगणक जसे आहेत तसे राहू द्यावेत आणि कामच उचलून नेण्याजोगे करावे, हा या मार्गाचा गाभा. प्रोग्रॅम, त्याची लायब्ररी आणि मांडणी एका प्रतिमेत, म्हणजे कंटेनरच्या फाइलीत, बांधली, की ती कोठेही उलगडता येते. डॉकर (2013) हा कंटेनरचा सर्वपरिचित प्रोग्रॅम चालवण्यासाठी सहसा प्रशासकाचे अधिकार लागत असल्यामुळे सामायिक क्लस्टरवर तो नाकारला जातो. त्याच्या जागी बर्कलीच्या प्रयोगशाळेत जन्मलेले आणि 2021 पासून ॲप्टेनर या नावाने ओळखले जाणारे सिंग्युलॅरिटी वापरतात. त्यावर स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो या कार्यप्रवाह मांडण्याच्या साधनांत कामाच्या पायऱ्या लिहिल्या, की स्लर्मवरून क्लाउडवर जाण्यासाठी बव्हंशी मांडणीची फाइल बदलावी लागते, पायऱ्या तशाच राहतात.

लहान गटासाठी मी हाच मार्ग पहिला सुचवीन, कारण यात सांभाळावा लागणारा सर्व्हर नाही आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला तरी त्याने लिहिलेली फाइल मागे राहते. पण 'एकदा बांधा, कोठेही चालवा' या जाहिरातीवर पूर्ण विश्वास ठेवू नये. सागरी प्रारूपासारख्या कामात कंटेनरमधील एमपीआय (प्रोसेसरांमधील देवाणघेवाण सांभाळणारी लायब्ररी) आणि यजमान यंत्रावरील एमपीआय यांचे जुळले नाही, तर अनेकदा काम चालते खरे, पण जलद जाळे न वापरता, म्हणजे अतिशय सावकाश. इंटेल किंवा एएमडीसाठी बांधलेली प्रतिमा क्लाउडवरील स्वस्त आर्म प्रोसेसरांवर थेट चालत नाही. आकडेमोडीच्या लायब्ररी बदलल्या, की शेवटच्या दशांशांत फरक पडतो आणि प्रवाहांच्या अस्थिर प्रारूपात तो वाढत जातो. म्हणून नव्या यंत्रावर जाताना आधी काही दिवसांचा छोटा कालखंड दोन्हीकडे चालवून निकाल ताडून पाहावेत आणि किती फरक सोसायचा, हे त्याआधीच लिहून ठेवावे.

चौथा मार्ग म्हणजे सगळे एकाच कंपनीच्या क्लाउडवर नेऊन प्रश्नच मिटवणे. यंत्रणा सांभाळायला कोणीच नसेल किंवा प्रबंधाची मुदत डोक्यावर असेल, तर तो वाईट नाही. शासकीय संस्थेने मात्र ती सेवा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या मान्यतायादीत आहे का ते पाहावे, आणि दरमहा बदलणारे बिल अनुदानाच्या कोणत्या शीर्षकाखाली टाकायचे, हे लेखा विभागाशी आधीच बोलून घ्यावे.

खरी अडचण: डेटा आणि ओळख

वरील सर्व मार्गांत काम सोपवणे हा तुलनेने सोपा भाग आहे. समजा 10 टेराबाइट निकाल 1 गिगाबिटच्या जोडणीवरून हलवायचे आहेत. ती जोडणी पूर्णपणे आपल्याच हातात असली, तरी सुमारे 22 तास लागतात. राष्ट्रीय ज्ञान जाळ्याची सामायिक जोडणी असेल, तर त्याहून बराच जास्त वेळ धरावा. व्यापारी क्लाउडमध्ये डेटा आत नेणे सहसा फुकट असते, बाहेर आणण्याला पैसे पडतात. ॲमेझॉनच्या मुंबई विभागाचा दर सुमारे 11 सेंट प्रति गिगाबाइट धरला, तर त्याच 10 टेराबाइटसाठी हजार डॉलरांहून अधिक बिल होते. सवलती असतात आणि दर बदलतात, म्हणून करारापूर्वी हा आकडा स्वतः काढावा.

यावरून एक उलटा विचार सुचतो: गणन डेटाजवळ न्यावे. हवामान प्रारूपांच्या सीएमआयपी6 संचाचा मोठा भाग ॲमेझॉन आणि गूगल यांच्या क्लाउडवर झार या स्वरूपात खुला ठेवलेला आहे. अरबी समुद्राच्या तापमानवाढीवर काम करणाऱ्याने तो गोव्यात उतरवून घेण्याऐवजी तेथेच गणन करून काही मेगाबाइटचे निकाल आणणे शहाणपणाचे आहे. मात्र ॲमेझॉनवरचा तो संच अमेरिकेतील ओरेगन विभागात आहे. सवयीने मुंबई विभागात यंत्र घेतले, तर सारा फायदा निघून जातो. याउलट समुद्रतळाच्या खोलीसारखी संवेदनशील मोजमापे देशाबाहेरच्या विभागात ठेवण्याचा प्रश्नच येऊ नये. एकाच गटाचे दोन डेटासंच अशा विरुद्ध दिशांना ओढत असतील, तर त्यांचे कार्यप्रवाह सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत.

ओळखीचा प्रश्न याहून चिवट आहे. ग्रिडच्या काळात प्रत्येक संशोधकाला एक्स.509 हे डिजिटल ओळखीचे प्रमाणपत्र लागे. भारतात ते सी-डॅकच्या प्रमाणन केंद्राकडून मिळे, आणि त्याची मुदत संपल्याचा शोध नेमका गडबडीच्या दिवशी लागे. ज्या ग्लोबस टूलकिट या ग्रिड-सॉफ्टवेअरवर ही व्यवस्था उभी होती, त्याचा आधार त्याच्या निर्मात्यांनी जानेवारी 2018 मध्ये थांबवला आणि सर्नचे जाळेही आता अल्पमुदतीच्या टोकनांकडे वळत आहे. म्हणून आज कोणी प्रमाणपत्रांवर आधारलेली नवी यंत्रणा सुचवली, तर ती नाकारावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या इन्फेडसारख्या संघीय ओळखव्यवस्थेतून संस्थेच्याच खात्याने बाहेरच्या सेवा वापरता येतात आणि ती एज्युगेन या अशाच व्यवस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याशी जोडलेली आहे. आपली संस्था तिची सदस्य आहे का, हे ग्रंथालयात विचारावे, संगणक विभागाला बहुधा ठाऊक नसते. सुपरकॉम्प्युटरांची दारे मात्र बहुतेक ठिकाणी आजही स्वतंत्र खात्याने आणि एसएसएच या सुरक्षित दूरप्रवेशानेच उघडतात.

त्यामुळे सुट्या तुकड्यांचे काम भरपूर असलेल्या आणि सर्व्हर सांभाळायला माणूस असलेल्या गटाने कंटेनरवर पायलटची जोड द्यावी. सागरी प्रारूप चालवणाऱ्या गटाने कंटेनर आणि कार्यप्रवाहावरच थांबावे आणि वाचलेला पैसा साठवणुकीवर खर्च करावा, शक्यतो एसथ्रीची भाषा बोलणाऱ्या. कोणत्याही यंत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ॲप्टेनर बसवलेले आहे का आणि कोणत्या आवृत्तीचे, गणन नोडना बाहेरचे इंटरनेट मिळते का, आणि प्रवेशासाठी प्रत्येक वेळी ओटीपी लागतो का. तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल, तर बाहेरून आपोआप काम पाठवणारा कार्यप्रवाह तेथे चालणार नाही. तो त्याच यंत्राच्या लॉगिन नोडवर बसून चालवावा लागेल आणि तशी परवानगी आहे का, हा चौथा प्रश्न त्याच पत्रात घालावा.