सर्क्युलर, वार्प की फ्लॅट? निटिंग मशीन ठरवण्याआधी

निटिंग मशीन विकणारा सगळ्यात आधी वेग सांगतो. तो आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि जे कापड काढायचं आहे त्याचा वीतभर तुकडा मागवा. आडव्या कापलेल्या कडेचा एक धागा सुटा करून ओढा. टी-शर्टाचं कापड असेल तर धागा सरसर उसवत दुसऱ्या टोकापर्यंत जाईल, कारण ती अख्खी ओळ त्या एकाच धाग्याची आहे. हे आडवं विणकाम. मच्छरदाणी किंवा लेस असली तर असं उसवत नाही. तिथे प्रत्येक सुईला आपापला उभा धागा असतो आणि तो नागमोडी चालत शेजारच्या सुयांच्या फासांत अडकत जातो. हे वार्प निटिंग. निम्मा निर्णय या ओढण्यातच होतो.

बहुतेक नवख्यांची गाठ आडव्या विणकामाशी, म्हणजे सर्क्युलर मशीनशी पडते. तिची लॅच नीडल हातात घेऊन बघा. वर आकडा, खाली खिळीवर हलणारी इवलीशी जीभ आणि एका बाजूला बट, म्हणजे बाहेर आलेला खुंट. सिंगल जर्सीच्या, म्हणजे टी-शर्टाच्या साध्या कापडाच्या मशीनवर सिलिंडर सुयांसकट फिरतो; कॅम, म्हणजे सुयांना वरखाली करणारे चढउतार, जागेवरच असतात. बट कॅमच्या चढावर आलं की सुई वर जाते आणि आकड्यातला जुना फास जीभ उघडत तिच्या खाली घसरतो. उतरताना आकडा फीडरमधला (धागा सुईपर्यंत पुरवणाऱ्या तोंडातला) नवा धागा पकडतो, जुना फास जीभ वर ढकलून आकडा बंद करतो आणि त्यावरून निसटतो. नवा धागा त्याच्यातून फास होऊन खाली ओढला जातो. हाताने सुलट टाका घालताना होतं तेच, फक्त ३० इंच व्यासाच्या २४ गेज (इंचाला २४ सुया) मशीनवर अशा सुमारे २,२६० सुया असतात.

अशा मशीनला साधारण ९० फीडर असतात, म्हणजे क्रीलवर, धाग्याच्या घोडीवर, ९० कोन (शंकूसारखी धाग्याची रिळं). एका फेऱ्यात ९० ओळी विणल्या जातात. मिनिटाला २५ फेरे आणि इंचाला ४० ओळी धरल्या तर मिनिटाला जवळजवळ दीड मीटर कापड. पण प्रत्येक ओळ जिन्यासारखी वर चढत गेलेली असते आणि पूर्ण फेऱ्यात सव्वादोन इंच तिरकी होते. आडव्या पट्ट्यांचं कापड शिवताना हे आठवतं.

धाग्याची चूकही या ९० मध्येच लपते. एकदा आमच्याकडे दुसऱ्या लॉटचा एकच कोन क्रीलवर चढला. विणताना कुणालाच दिसलं नाही. रंगून आल्यावर मात्र दर सव्वादोन इंचांवर फिकी ओळ. तेव्हापासून मी नवख्यांना एवढंच सांगतो : आडवी पट्टी दिसली तर आधी धागा बघा, उभी रेघ दिसली तर सुई. जीभ वाकलेली एक सुई रोलभर रेघ पाडत जाते, आणि ती वेळेत पकडणारा ऑपरेटर नसेल तर वेगाचा काही उपयोग नाही.

सर्क्युलर घेताना खरा प्रश्न गेजचा. गेज म्हणजे इंचात किती सुया. २४ गेजवर ३० काउंटचा सुती धागा (काउंट जितका मोठा तितका धागा बारीक) छान बसतो; १६ काउंटचा जाडा धागा घातलात तर धागाही तुटेल आणि सुयाही. फासाची लांबी कमी-जास्त करून जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) थोडंफार हलवता येतं, पण गेज बदलायचं तर सिलिंडरच बदलावा लागतो. कॉलर-कफ जोडायला रिब किंवा दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं इंटरलॉक हवं असेल तर डायल, म्हणजे सिलिंडरच्या वर सुयांची दुसरी आडवी चकती असलेली डबल जर्सी मशीन लागते. सिंगल जर्सीची कापलेली कड गुंडाळते, इंटरलॉकची नाही. शिवणाऱ्याला विचारा, त्याचा कौल कुठे आहे ते लगेच कळेल.

वार्पचा विचार करत असाल तर आधी वॉर्पिंगचा, म्हणजे उभे धागे बीमवर (मोठ्या रिळावर) गुंडाळण्याचा करा. कोन लावले आणि मशीन चालू केली, असं इथे होत नाही. १३० इंच रुंद, २८ गेजच्या ट्रायकॉट मशीनवर (वार्पचाच एक प्रकार) भरगच्च भरलेल्या एकाच गाइड बारला, म्हणजे धागे सुयांवर नेणाऱ्या पट्टीला, ३,६४० धागे लागतात, तेही बीमवर एकसारख्या ताणात गुंडाळलेले. बार बहुधा दोन तरी असतात. सगळ्या सुया एकदमच वरखाली होतात, म्हणून मिनिटाला दोन-अडीच हजार ओळी निघतात आणि रुंदीमुळे उत्पादन डोळे दिपवतं. पण हे सगळं पॉलिस्टर-नायलॉनसारख्या अखंड फिलामेंटवर. तुसं असलेला सुती धागा इथे त्रास देतो. एकच कापड महिनोन्‌महिने काढायचं असेल, जाळी किंवा उसवून चालणार नाही असं काही हवं असेल, तर घ्या. दर आठवड्याला वेगळी ऑर्डर येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका.

फ्लॅट मशीनला या दोघींशी स्पर्धाच नाही. उलट्या व्हीसारखे सुयांचे दोन बेड, त्यांवरून पुढे-मागे धावणारा, कॅम वाहून नेणारा कॅरेज. कापडाचा रोल काढायला ती फार हळू. तिची ताकद आकारात आहे. ती टाके एका बेडवरून दुसऱ्यावर नेते, सुया वाढवते-घटवते आणि स्वेटरची बाही त्याच आकारात विणून देते, त्यामुळे कातरणीत धागा वाया जात नाही. १९९५ मध्ये शिमा सेइकीने तर शिवणीशिवाय अख्खा स्वेटर विणणारी मशीन दाखवली. बुटांचे विणलेले वरचे भागही याच जातीच्या मशीनवर होतात. स्वेटर किंवा पोलोच्या कॉलरी करायच्या असतील तरच हिच्याकडे वळा, आणि डिझाइनचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हाताशी आहे का, हे ऑर्डर देण्याआधी पाहून घ्या.