मुठीत दांडी धरून मेंदू मोजणाऱ्यांपासून लेकरं सांभाळा : आमचे ४१,६०० रुपये गेले

लातूर, नांदेड, संभाजीनगरात ज्यांची लेकरं खोली करून, मेसचा डबा खाऊन नीटची तयारी करतायत, त्या सगळ्या आई-बापांनी हे वाचावं. ज्यांचं लेकरू रिपीटर आहे, रात्री झोपत नाही, पुस्तक उघडून नुसतं बसून राहतं, त्यांनी तर नक्कीच. मोफत शिबिरं भरवून औषधं विकणारे हे लोक अशीच घरं हुडकतात. 'मेंदूचं रसायन संतुलित करणारा वनौषधी कोर्स' या नावाखाली माझ्याकडून तपासणीचे १,५००, सभासद शुल्क २,१००, तीन महिन्यांच्या कोर्सचे २८,४०० आणि मधेच 'बूस्टर' म्हणून ९,६०० घेतले. एकूण ४१,६००. परत एक रुपया आला नाही. पण पैशापेक्षा मोठा राग वेगळा आहे. त्यांनी माझ्या पोरीची चालू असलेली डॉक्टरची गोळी बंद करायला लावली.

परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. त्यामुळं 'तुम्ही काय अडाणी आहात का' असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो : लॉट नंबर, बॅच, एक्स्पायरी मी रोज बघतो. सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्ती ७० टक्के लिहिलेली नसेल तर ती पिशवी मी दुकानात घेत नाही. पण दुकानात बसलेला माणूस वेगळा आणि लेकरू भिंतीकडं तोंड करून दिवसभर पडलेलं बघणारा बाप वेगळा. ज्यांच्या घरात हे झालं नाही त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये.

२०२५ च्या नीटला फिजिक्सचा पेपर कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. १४ जूनला निकाल लागला आणि पोरीनं बोलणंच सोडलं. जुलैत लातूरला मानसोपचार तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी एस्सिटालोप्राम या उदासीवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दिली, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील म्हणाले, आणि मनानं बंद करू नका असं दोनदा बजावलं. दसऱ्यापर्यंत पोरगी झोपायला लागली, दोन घास जास्त खायला लागली. अभ्यास मात्र होत नव्हता. इकडं सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं गिऱ्हाइकांची पिकं पाण्यात गेली आणि माझी सगळी उधारी त्यांच्याबरोबर अडकली. त्यात भावकीत कुजबुज सुरू झाली, 'पोरीला वेड्याची गोळी चालू आहे, पुढं लग्नाचं कसं?' या एका वाक्यावर या लोकांचा सगळा धंदा उभा आहे, हे मला नंतर कळलं.

दिवाळीत बायकोच्या मावसभावानं सांगितलं की जवळच्या मंगल कार्यालयात मोफत शिबिर आहे, त्याच्या मेव्हण्याला फार फरक पडला. घरातल्याच माणसानं सांगितलं की निम्मी खात्री तिथंच होते. शिबिर मोफत, पण 'मेंदूची तपासणी' १,५०० रुपयांची. पोरीच्या मुठीत एक धातूची दांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. थोड्याच वेळात रंगीत आलेखांचा जाड रिपोर्ट छापून हातात. सेरोटोनिन ३८ टक्के, डोपामिन ४१ टक्के. कोट घातलेला तो माणूस बायकोला म्हणाला, "ताई, लेकराच्या मेंदूत आनंदाचं केमिकल निम्म्याच्या खाली आलंय. अजून दोन महिने उशीर केला असता तर अवघड होतं." बायको तिथंच रडायला लागली.

आणि आता तो क्षण, जो आठवला की आजही रात्री उठून बसतो. मी रिपोर्ट चाळत होतो. मधल्या एका पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : प्रोस्टेट. खाली चार आकडे आणि शेवटी 'सौम्य दोष'. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टात प्रोस्टेट! पुरुषाच्या शरीरात असणारी ग्रंथी! मी बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" त्यानं पान बघितलं, एक क्षण थांबला आणि म्हणाला, "सर, ते सॉफ्टवेअरचं जनरल फॉरमॅट आहे, त्याच्याकडं लक्ष देऊ नका, आपला विषय मेंदूचा आहे." असं म्हणून ते पान त्यानं रिपोर्टातून काढूनच घेतलं. काढून घेतलं! म्हणजे त्याला माहीत होतं. आधीच्या पुरुष गिऱ्हाइकाची निवड त्या मशीनमध्ये तशीच राहिली होती आणि मशीन काहीही न मोजता आकडे ओकत होतं. माझ्या शेजारी बायको रडत होती, पोरगी खाली मान घालून बसली होती, मागं पंधरा-वीस माणसं रांगेत, त्यात गावातले दोघं ओळखीचे. अशा ठिकाणी बाप पोरीच्या देखत भांडण काढत नाही. शिबिरं अशा गर्दीतच का घेतात, याचं उत्तर यातच आहे. असं पान तुम्हाला दिसलं तर ते हातातून सोडू नका, फोटो काढा आणि रिपोर्ट घेऊन तडक बाहेर पडा.

कोर्समध्ये तीन वस्तू होत्या. एक गोळ्यांची बाटली, तिच्यावर अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक. दुसरी कॅप्सूलची बाटली, तिच्यावर १४ आकडी अन्न परवाना आणि आत ५-एचटीपी. तिसरी झोपेची पूड, साध्या झिप पाकिटात, कसलंही लेबल नाही, नुसती हातानं लिहिलेली चिठ्ठी : सर्पगंधा व इतर. पैसे स्कॅनरवर घेतले, नाव आलं एका मोबाइल शॉपीचं. बिल मागितलं तर 'वेलनेस सभासदत्व' अशी पावती दिली, तिच्यावर औषधाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. औषधाचे पैसे देताय तर औषधाच्या नावाचं बिल घ्या, बॅच नंबरासकट. ते देत नसतील तर स्कॅनर उघडूसुद्धा नका.

मग सल्ला आला : ती केमिकलची गोळी आजच बंद करा, तिची सवय लागते, आमचं नैसर्गिक आहे. गोळी बंद केली. आठवडाभरात पोरीला चक्कर यायला लागली, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, चिडचिड, रात्रभर जाग. मी फोन केला. उत्तर मिळालं, "चांगलं लक्षण आहे सर, शरीरातलं विष बाहेर पडतंय." आणि त्या विषासाठी ९,६०० चा बूस्टर. त्रास वाढला की 'विष निघतंय', कमी झाला की 'गुण आला'. यात त्यांचं नुकसान कधीच होत नाही.

त्यानंतर पोरगी एके रात्री आईला म्हणाली, "मला आता जगावंसं वाटत नाही." सकाळी तिला घेऊन आम्ही सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम एका शब्दानं रागावल्या नाहीत. तिन्ही वस्तू टेबलावर ठेवून त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं इथं देतो, कारण हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं वेगळं बनवतो. म्हणून रक्त तपासूनसुद्धा मेंदूतलं सेरोटोनिन इतके टक्के आहे असं सांगता येत नाही. मुठीतल्या दांडीनं तर नाहीच नाही. करंट बसल्यासारखं वाटणं हे विष नव्हे, गोळी एकदम तोडल्याचा तो त्रास. या गोळीची दारूसारखी ओढ लागत नाही, पण ती बंद करायची तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. ५-एचटीपीपासून शरीर सेरोटोनिन बनवतं. ही कॅप्सूल आणि एस्सिटालोप्राम एकत्र पोटात गेली तर घाम, थरथर, छातीत धडधड, ताप असं होऊन प्रकरण दवाखान्यात भरती करण्यापर्यंत जाऊ शकतं. घाबरून आम्ही घरीच गोळी परत चालू केली असती तर? ही 'तर' मला सोडत नाही.

आणि सर्पगंधा. तिच्यातून निघणारं रेसर्पिन १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी जगभर दिलं जायचं. ते मेंदूतलं सेरोटोनिन, डोपामिन कमी करतं, आणि ते घेणाऱ्या काही लोकांना उदासी आल्याच्या नोंदी तेव्हाच झाल्या. म्हणजे 'आनंदाचं केमिकल वाढवतो' म्हणून पैसे घ्यायचे आणि हातात ते घटवणारी पूड द्यायची! किती मात्रा, सोबत काय मिसळलंय, हे त्या पाकिटावर नव्हतं, म्हणून मॅडमनाही सांगता आलं नाही.

कुणी असं समजू नये की मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलतोय. माझी आई ब्राह्मीचं तेल लावायची, आमच्या गावच्या वैद्यांनी तर नाडी बघून कित्येकांना 'आधी मोठ्या दवाखान्यात जा' असं सांगून परत पाठवलंय. त्या माणसात आणि या कोटवाल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण वनस्पती आहे म्हणून अपाय नाही, हे मात्र डोक्यातून काढा. अश्वगंधा थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढवू शकते, तिच्यामुळं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर न विचारता घेऊ नका. जे काही घेताय ते डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

आता सरकारी दारांचं ऐका. पैसे परत मागितले तर शिबिरवाला म्हणाला, सभासदत्व परत होत नाही. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "पैसे मनानंच दिलेत ना? कुणी चाकू लावला होता का?" अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. मग अन्न आणि औषधाचं काम बघणाऱ्या एका कचेरीत गेलो. औषधाच्या टेबलावर सांगितलं, बाटलीवर अन्न परवाना आहे, शेजारी विचारा. शेजारच्या टेबलानं दुसरी बाटली बघून सांगितलं, हे तर आयुर्वेदिक औषध, तिकडं जा. पुडीचं कुणीच नाव घेईना, कारण तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही! ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही तेच सगळ्यात आधी जप्त करायला नको का? वर म्हणाले, उघडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही. लेकराला त्रास झाल्याशिवाय कळणार नाही आणि बाटली उघडल्याशिवाय त्रास होणार नाही. मग सीलबंद पुरावा आणायचा कुठून? डॉक्टरांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्यांकडं पत्र पाठवलं, उत्तर आलं की सदर व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर नसल्यानं कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! ऑनलाइन तक्रार टाकली, ती 'संबंधित विभागाकडे वर्ग' अशा शेऱ्यानं निकाली.

बियाणं उगवलं नाही तर तालुक्याची समिती बांधावर येते, ओळी मोजते, पंचनामा करते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली होती. माझ्यासारख्या दुकानदारानं बिनलेबलची पिशवी विकली तर माझा परवाना जातो. आणि माणसाच्या पोटात जाणारी बिनलेबलची पूड मंगल कार्यालयात माइक लावून विकली जाते, त्याचा पंचनामा करायला कुणी नाही. कायदा नाही असंही नाही. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे, त्याच्या यादीत मेंदूचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिबिराचं पत्रक मी टेबलावर ठेवलं, कलम दाखवलं. "वरून आदेश आले की बघू."

पोरगी आता परत गोळीवर आहे, डॉक्टर मॅडमकडं नेमानं जाते. यंदा नीट द्यायची की नाही हे तिचं तिनं ठरवायचं, घरात त्यावर बोलणं बंद केलंय. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाता येत नाही त्यांनी १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

जिल्हा ग्राहक आयोगात माझी तक्रार दाखल झाली आहे. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. 'वेलनेस सभासदत्व' असं लिहिलेली पावती, दांडीच्या मशीनचा रिपोर्ट किंवा तसल्या पुडीचं पाकीट ज्यांच्या घरात पडलं असेल त्यांनी ते फेकू नका, आपापल्या जिल्ह्यात तक्रार करा. माझ्या एकट्याच्या तक्रारीला कचेरीतल्यांनी तोंडावर 'वैयक्तिक वाद' म्हटलं. अशा पन्नास पावत्या टेबलावर पडल्या तर तसं म्हणता येणार नाही.