चार फुटी टँकमधले सिक्लिड: गर्दी करावी की जोडीला मोकळं सोडावं?

हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एखादा मासा पंख अंगाशी मिटून उभा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. रंग उतरलेला, शेपटीची किनार फाटलेली, दाणे टाकले तरी खाली यायची हिंमत नाही. माझ्या पहिल्या टँकमधला असा एक यलो लॅब (सिक्लिड या माशांच्या मोठ्या कुळातली एक पिवळी जात) मी ‘रुळेल हळूहळू’ म्हणत तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी पडलेला होता. अंगावर मोठी जखम नव्हती. रात्रंदिवस पाठलाग सोसून तो थकून मेला होता.

तेव्हापासून कुणी ‘सिक्लिडमध्ये शांत मासा कुठला?’ असं विचारलं की मी त्यांना आधी दुसरा प्रश्न विचारतो: भांडण कुठल्या पद्धतीनं सांभाळणार? सिक्लिड भांडतो तो जागेसाठी, मादीसाठी, नाहीतर अंड्यापिल्लांसाठी. हे तिन्ही त्याच्या जगण्याचेच भाग आहेत, ते काढून टाकता येत नाहीत. घरच्या टँकमध्ये मुख्य मार्ग दोनच उरतात. भांडण इतक्या जणांत वाटून द्यायचं की एकावर त्याचा भार पडू नये, किंवा भांडायला कुणी ठेवायचंच नाही. दोन्ही चालतात, पण वेगवेगळ्या माशांना आणि वेगवेगळ्या घरांना. पुढची तुलना ४ × १.५ × १.५ फुटांच्या टँकसाठी आहे. त्यात साधारण २५० लिटर पाणी मावतं आणि फ्लॅटमध्ये ठेवायला हा आकार सोयीचा पडतो.

गर्दीचा मार्ग: मलावीचे एम्बुना

पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावर एम्बुना मासे दाटीवाटीनं राहतात. नर एखादी कपार धरून बसतो आणि आत येणाऱ्याला हुसकावतो. मादी अंडी घातल्याबरोबर तोंडात घेते आणि जवळजवळ तीन आठवडे तिथेच सांभाळते. म्हणजे घरट्याभोवती आईबापांचा पहारा हा प्रकारच इथे नाही. हुसकावणं रोजचं असतं, पण ते बहुधा थोडक्यात संपतं.

याच स्वभावावर गर्दीचा उपाय बेतलेला आहे. टँकमध्ये सहा एम्बुना सोडले तर सगळ्यात दांडगा नर सगळ्यात दुबळ्याला निवडतो आणि त्याचा पिच्छा सोडत नाही. वीस-पंचवीस सोडले तर एकाच्या मागे धावेपर्यंत दुसरा त्याच्या कपारीत शिरलेला असतो, म्हणून तो अर्ध्यातून परततो. मार वाटला जातो. मात्र नुसती संख्या पुरत नाही. एका नरामागे तीन ते चार माद्या हव्यात. सगळे मासे लहान असताना, एकाच दिवशी टँकमध्ये उतरवायला हवेत. आणि दगड असे रचायला हवेत की टँकच्या एका टोकाकडून दुसरं टोक दिसणार नाही. आपल्याकडचा काळा पाषाण यासाठी उत्तम आहे. वाळू टाकण्याआधी तळाच्या काचेवर थर्माकोलची शीट घालून दगड त्यावर टेकवा. दगड वाळूवर ठेवले तर मासे खालची वाळू उकरतात आणि रचना कोसळते.

खरी चूक होते ती दुकानात. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून मिळणाऱ्या पिल्लांत केनयी आणि ऑराटस या दोन दांडग्या एम्बुना जाती हमखास असतात. केनयीची पिल्लं इतकी सुंदर निळी असतात की मोह आवरत नाही. तोच नर मोठा झाला की पिवळा होतो आणि चार फुटी टँक आपल्या नावावर करतो. शिवाय पिवळा झाल्यावर त्याला यलो लॅब प्रतिस्पर्धी वाटू लागतो. रंगानं आणि पट्ट्यांनी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती एकत्र ठेवू नयेत, हा नियम मी कुठल्याही परिस्थितीत मोडत नाही. पहिल्या टँकसाठी यलो लॅब, रस्टी आणि असेई या तीन जाती पुरेत. डेमासोनी ही एम्बुना जात हवीच असेल तर बारा किंवा त्याहून जास्त घ्या. चार-पाच डेमासोनी घेतले तर महिन्या-दोन महिन्यांत बहुधा एकच उरतो.

जोडीचा मार्ग: कॉन्व्हिक्ट

मध्य अमेरिकेतल्या कॉन्व्हिक्ट या सिक्लिडचं तर्कशास्त्र बरोबर उलट आहे. नर आणि मादी जोडी जमवतात, गुहेसारख्या जागेत अंडी घालतात आणि पिल्लं पोहू लागल्यावरही कित्येक आठवडे दोघं मिळून त्यांची राखण करतात. (आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतलं काळुंदर याच कुळातलं आहे आणि तिथेही आईबाप दोघं अंडी राखतात.) अशा जोडप्यापुढे गर्दीचा उपयोग शून्य. त्यांना अख्खा टँक पाळणाघर वाटतो आणि बाकीचे सगळे मासे एका कोपऱ्यात कोंबले जातात. इथे जास्त मासे म्हणजे फक्त जास्त बळी.

म्हणून टँक त्या दोघांचाच ठेवायचा. दुकानदारानं ‘ही जोडी’ म्हणून पिशवीत घालून दिलेले दोन मासे मी घेत नाही. सहा पिल्लं आणावीत, त्यांची आपसांत जोडी जमू द्यावी आणि उरलेली चार परत द्यावीत.

यातही एक मेख आहे. बाहेरचा शत्रू उरला नाही की नर मादीवर उलटतो. १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लॉरेंझ यांनी सिक्लिडच्या जोड्यांबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं आहे: शेजारी नसला की राग जोडीदारावर निघतो. यावर दोन उपाय मला खात्रीचे वाटतात. एक म्हणजे मध्ये प्लॅस्टिकची जाळी किंवा ॲक्रिलिकची शीट लावायची आणि तिला फक्त मादी जाऊ शकेल एवढंच भोक ठेवायचं. कॉन्व्हिक्टची मादी नरापेक्षा लहान असते, त्यामुळे तिला माघार घ्यायला हक्काची जागा मिळते. दुसरा उपाय म्हणजे वरच्या थरात आठ-दहा जायंट डॅनिओ, म्हणजे थव्यानं पोहणारे छोटे मासे, सोडायचे. ते चपळ असतात, सहसा हाती लागत नाहीत, आणि नराला हुसकावायला कुणीतरी मिळतं.

आता दोन्ही शेजारी शेजारी

कामाचं बघितलं तर एम्बुनाचा टँक जास्त मागतो. पंचवीस माशांची घाण म्हणजे दर आठवड्याला ४० ते ५० टक्के पाणी बदलणं आलं आणि तासाला टँकचं पाणी आठ-दहा वेळा फिरवणारा फिल्टर आला. कॉन्व्हिक्टच्या जोडीला आठवड्याला २५ टक्के पाणी बदललं तरी चालतं. नळाचं पाणी दोन्हीकडे क्लोरीन काढूनच घाला.

वीज हा माझ्या मते निर्णायक मुद्दा आहे. भरगच्च टँकमध्ये उन्हाळ्यात दोन-तीन तास वीज गेली तर धोका सुरू होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. जोडीचा टँक तेवढा वेळ निभावून नेतो. तुमच्याकडे भारनियमन असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर एम्बुना घेऊ नका. बॅटरीवरचा एअर पंप मात्र दोन्हीकडे ठेवा.

पाण्याचा प्रकारही बघा. एम्बुनाला जड, अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच ७.८ ते ८.६. पठारावर बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरात हे आयतं मिळतं. मुंबई-ठाण्यात तलावांचं मऊ पाणी येतं, तिथे ते जड करायला फिल्टरमध्ये कोरलचा (प्रवाळाचा) चुरा घालावा लागतो. कॉन्व्हिक्टला यातलं काहीही चालतं.

पैशाच्या दृष्टीनं जोडी फार स्वस्त पडते. पण तिची पिल्लं वारंवार होतात, दर खेपेला शेकड्यांनी, आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. एम्बुनाची पिल्लं थोडी असतात आणि गर्दीत त्यातली मोजकीच जगतात.

बघण्याचं सुख दोन्हीकडे आहे, पण वेगळं. निळा-पिवळा झगमगाट आणि सतत हालचाल हवी तर एम्बुना. चिमुकल्या पिल्लांचा थवा राखत फिरणारे आईबाप बघायचे असतील तर कॉन्व्हिक्ट. माझी मुलगी दुसऱ्या टँकसमोर तासभर बसते, आणि मीही.

आणखी दोन पर्याय आहेत. फक्त नर पीकॉक (मलावीचाच दुसरा सिक्लिड), प्रत्येक रंगाचा एकच आणि मादी एकही नाही, हा टँक एम्बुनापेक्षा शांत राहतो, पण मासे महाग असतात. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न हे मोठे सिक्लिड एकटेच पाळावेत. ऑस्कर फूटभर वाढतो, त्याला पुढून मागे दोन फूट रुंद असलेला टँक द्या.

भांडण हाताबाहेर गेलंच, तर दुबळ्याला बाहेर काढून फारसं साधत नाही, दांडगा दुसरा दुबळा शोधतो. दांडग्याला आठवडाभर वेगळं ठेवा आणि परत सोडण्याआधी दगडांची रचना पूर्ण बदला. सगळ्यांनाच जागा नव्यानं शोधावी लागते आणि त्याचा जुना हक्क संपतो. हे एम्बुनात चांगलं चालतं. कॉन्व्हिक्टची जोडी अंड्यांवर असताना दगडांना हातही लावू नका, दोघं अंडी खाऊन टाकतात आणि मग एकमेकांवर धावतात.

नको झालेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत किंवा तलावात सोडू नका. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया सिक्लिडच आहे आणि आपल्या किती जलाशयांत त्यानं ठाण मांडलंय ते कुठल्याही मासेमाराला विचारा.

कुठलाही मार्ग निवडा, चार फुटी टँकसोबत दांडग्याला वेगळं काढायला दोन फुटी साधा टँक, स्पंज फिल्टर आणि झाकण त्याच दिवशी आणा. स्पंज मोठ्या टँकमध्येच चालू ठेवा म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात तयार असतात. हीटरमागचा मासा दिसेल त्या रात्री दुकान उघडं नसतं.