फ्लूची लस: पुण्यातच टोचून निघावं, की ब्रिटनला पोचून?

मास्टर्ससाठी ब्रिटनला निघालेल्या मुलाच्या घरी बॅगा भरताना हा वाद हमखास होतो. आई म्हणते, "जायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून फ्लूचं इंजेक्शन घेऊन टाक." मुलगा म्हणतो, "तिकडे सगळं फुकट असतं. त्याचेच तर पैसे भरलेत." मी पहिल्या वर्षी आईचं ऐकलं, दुसऱ्या वर्षी स्वतःचं. तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडंथोडं चुकतं, एवढं अनुभवाने सांगू शकतो.

आधी ते 'फुकट' प्रकरण. व्हिसाच्या वेळी जो हेल्थ सरचार्ज भरतो, तो विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा पुढचे चार महिने धरून मिळतो, त्यामुळे आकडा बहुधा १,१६४ वर जातो. एवढे पैसे मोजल्यावर माणसाला वाटणारच, की लस तर आपल्या हक्काची. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जाणं, हॉस्पिटल, हे सगळं त्यात येतं. पण फ्लूची लस एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, ठरावीक लोकांनाच मोफत देते: ६५च्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, स्टेरॉइडचा पंप घ्यावा लागणारे दमेकरी, वगैरे. तेवीस वर्षांचा धडधाकट मुलगा त्यात कुठेच बसत नाही. मी जीपीच्या रिसेप्शनवर विचारलं, तेव्हा बाईंनी अगदी गोड आवाजात "नाही" म्हटलं आणि शेजारच्या केमिस्टकडे बोट दाखवलं.

आता यातली एक फट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपली कितीतरी मुलं विद्यार्थी व्हिसावर चालणाऱ्या आठवड्याच्या वीस तासांत केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्ट करतात. म्हाताऱ्यांना प्रत्यक्ष सांभाळायचं काम असेल आणि मालकाकडून लसीची सोय नसेल, तर तुम्ही मोफतच्या यादीत येता. घरी जाऊन सेवा देणाऱ्या नोंदणीकृत एजन्सीत असाल तरीही येता. कामाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. नर्सिंग किंवा मेडिकलच्या मुलांनी प्लेसमेंटच्या ठिकाणी विचारावं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप पुण्याहून आणून गुपचूप वापरत असाल, तर तेही जीपीला सांगून नोंदवून टाका. लपवण्यात काही अर्थ नाही, उलट लसीचे पैसे वाचतील.

यादीत नसलात, तर केमिस्ट. साखळी दुकानं असोत, सुपरमार्केटमधली फार्मसी असो की कोपऱ्यावरचं एकटं दुकान, साधारण १५ ते २५ पौंडांत काम होतं. ऑनलाइन वेळ घ्या किंवा सरळ आत जाऊन विचारा. माझ्या केमिस्टची 'कन्सल्टेशन रूम' म्हणजे शाम्पूच्या रॅकमागची कपाटाएवढी खोली. दोन खुर्च्या, सुया टाकायचा पिवळा डबा, आणि फार्मासिस्टचा कोट अडकवलेला. अ‍ॅलर्जी आहे का, आज ताप आहे का, एवढं विचारून तिने टोचलं. चहा व्हायला लागतो त्याहून कमी वेळ. संध्याकाळी दंड ठणकला, दुसऱ्या दिवशी विसरलो.

पंचवीस पौंड जड वाटतात, कारण पहिले सहा महिने आपण कोथिंबिरीची जुडीसुद्धा रुपयांत मोजतो. पण तिकडे तरी काय स्वस्त आहे? पुण्यात हीच लस दीड-दोन हजारांच्या आसपास पडते, वर डॉक्टरांची फी. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्येच २१ वर्षांपासून पुढच्यांचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं होतं. म्हणजे साधारण दोन तासांची कमाई. फ्लूने आडवे झालात तर शिफ्ट किती बुडतील, ते ज्याचं त्याने मोजावं.

आता आईची बाजू. तिचा आग्रह हवेतला नाही. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात गेला. मी तेव्हा तिसरीत होतो. शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, आणि रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. ज्या बाईने ते दिवस पाहिलेत, ती मुलाला बिनलशीचा विमानात बसू देणार नाही.

अडचण वेळेची आहे. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीची शिफारस करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. तुम्ही ऑगस्टमध्ये पुण्यात लस मागता, तेव्हा येणाऱ्या ब्रिटिश हिवाळ्यासाठीची नवी लस बहुधा तिथे पोचलेलीच नसते. हातात पडते ती दक्षिण गोलार्धाची, नाहीतर सरत्या हंगामाची. कधी दोन्हीतले विषाणू जुळतात, कधी नाही. खोक्यावर हंगाम छापलेला असतो, तो वाचून मगच हात पुढे करा.

शिवाय लसीचा जोर महिन्यांगणिक ओसरतो. ब्रिटनमध्ये फ्लू भरात येतो तो बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत, आणि म्हणूनच एनएचएससुद्धा हल्ली बहुतेक प्रौढांना ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबवते. ऑगस्टची लस तोवर चार-पाच महिन्यांची झालेली असते. मी पहिल्या वर्षीच्या डिसेंबरात आठवडाभर अंथरुणात होतो. फ्लूच होता का, हे कुणी तपासलं नाही, त्यामुळे पुण्याच्या लसीला बोल लावत नाही. पण दुसऱ्या वर्षीपासून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पकडतो. टोचल्यावर अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातात, तेही त्यात बसतात.

पुण्यात घ्यावीच असं मला एकाच बाबतीत वाटतं: तुम्हाला दमा किंवा मधुमेह असेल आणि निघायच्या आधीचा पावसाळा घरीच काढायचा असेल. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही फिरतो. मग ती मे-जूनमध्ये घ्या, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धावपळीत नको. आणि ऑक्टोबरात इथली मोफतची चुकवू नका.

घरात अंडं चालत नसेल तर आणखी एक प्रश्न येतोच. बऱ्याच फ्लू लशी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या असतात. प्राण्यांच्या पेशींत वाढवलेली, अंड्याविना लसही मिळते, पण शुद्ध शाकाहारी तीही नव्हे. आजीला हे किती सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. हवी ती मिळेल का, हे केमिस्टला आधी फोनवर विचारा.

पुण्याहून आणायचंच असेल, तर लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आणा. जीपीकडे नाव नोंदवताना विचारतात. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस झाले नसतील तर ते एनएचएस फुकट देते, आणि २५ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय लसही. सरचार्ज वसूल करायचा तर तो इथे. माझ्या कार्डावर दुसऱ्या एमएमआरची ओळ कोरी होती. आई अजून म्हणते की डोस दिला होता, डॉक्टरच लिहायला विसरले.