होमस्टेच्या दरपत्रकासाठी ॲस्कीडॉक: लिहायला उत्तम, पीडीएफला सांभाळून

किनाऱ्यावर होमस्टे किंवा खाणावळ चालवणाऱ्याचे कागद वर्षातून निदान दोनदा बदलतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताज्या सुरमईची थाळी यादीतून जाते. खोल्यांचे दर पावसाळ्यात उतरतात, गणपतीला चढतात, दिवाळीत पुन्हा. हे सगळं वर्डच्या तीन-चार फाइलींत ठेवलं की एकीत जुना दर राहतोच, आणि पाहुणा नेमका तोच कागद पुढे करतो. या दुखण्यावर ॲस्कीडॉक हा चांगला इलाज आहे.

साध्या मजकुरात थोड्या खुणा घालून लिहायची ही पद्धत 2002 पासून आहे, मार्कडाउन या तशाच पद्धतीपेक्षा दोन वर्षं जुनी. व्हीएस कोड हा एडिटर आणि त्याचं ॲस्कीडॉक एक्स्टेन्शन, दोन्ही फुकट. शेजारच्या खिडकीत प्रिव्ह्यू दिसतो आणि त्यासाठी रूबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा वगैरे बसवावी लागत नाही. एकदा बसवलं की नेट नसलं तरी काम अडत नाही.

खरी मजा दर एकाच जागी ठेवण्यात आहे. फाइलीच्या डोक्यावर कोलन, नाव, कोलन आणि पुढे किंमत अशी ओळ लिहायची. नाव रोमन अक्षरांत, जोडून. मग मजकुरात जिथे थाळीचा दर हवा तिथे ते नाव महिरपी कंसात टाकायचं. 350 चे 380 करायचे तर एक ओळ बदलायची, दर सगळीकडे बदलतो. ‘पावसाळा’ अशी एक खूण (तीही रोमन अक्षरांत) वर ठेवून मत्स्याहाराचा भाग ‘इफएनडेफ’ (ifndef, म्हणजे ही खूण नसेल तरच) आणि ‘एन्डिफ’ (endif, म्हणजे इथवर) या ओळींत अडकवला, की एकाच फाइलीतून हंगामी आणि पावसाळी असे दोन्ही कागद निघतात. खुणेच्या ओळीआधी दोन तिरक्या रेघा टाकल्या की ती खूण रद्द. मार्कडाउनमध्ये ही सोय मुळातच नाही.

इथे दोन खड्डे आहेत. कंसातलं नाव चुकलं तर कंस जसाच्या तसा छापला जातो आणि सेटिंग बदललं नसेल तर कुणी सावधही करत नाही. छापण्याआधी फाइन्डमध्ये महिरपी कंस शोधून प्रत्येक नाव तपासावं. ‘एन्डिफ’ विसरलं तर अट लागू नसताना तिथून पुढचं सगळं गायब.

तक्ता उभ्या रेघेने लिहितात आणि प्रत्येक खाना वेगळ्या ओळीवर घेता येतो. मराठीला हे फार सोयीचं. मार्कडाउनच्या तक्त्यात रेघा एकाखाली एक जुळवायला जावं तर देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसल्याने कधी जुळतच नाहीत. मात्र ॲस्कीडॉकमध्ये एक खाना सुटला तर पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि शेवटची अपुरी ओळ टाकून दिली जाते. सोलकढीसमोर कोंबडीवड्यांचा दर आणि उकडीचे मोदक यादीतच नाहीत, असं दिसलं तर वर कुठेतरी एक रेघ कमी आहे.

ठळक अक्षरांसाठी एकच तारा, अगदी व्हॉट्सॲपसारखा. पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘*हापूस*चा’ लिहिलं तर ठळक होत नाही, तारे तसेच दिसतात. ‘**हापूस**चा’ असे दुहेरी द्यावे लागतात. तिरप्या अक्षरांच्या वाटेला जाऊ नये. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत तिरपं वळण नसतं, ब्राउझर अक्षर नुसतं ढकलून वाकवतो.

सगळ्यात जास्त वेळ कीबोर्ड खातो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट-8 दाबलं की ताऱ्याऐवजी ‘श्र’ येतो आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार बसलेला. विंडोज आणि स्पेस दाबून दर वेळी भाषा बदला, नाहीतर खुणांचे स्निपेट, म्हणजे तयार तुकडे, करून ठेवा. त्याहून फसवं प्रकरण विसर्गाचं. ‘चेक-इन’पुढे दोन कोलन दिले की व्याख्येची यादी तयार होते, घाईत कोलनऐवजी विसर्ग पडला तर डोळ्यांना दोन्ही सारखेच, आणि यादी काही बनत नाही. शोधायचं असेल तर फाइन्डमध्ये विसर्ग टाकून बघा. ‘दुःख’ सोडून फार काही सापडायला नको.

तशीच गत ‘ऱ्या’ची. कुणी ‘किनाऱ्यावर’ नुक्त्याच्या ऱने लिहितं, कुणी न दिसणारा जोडक घालून. कागदावर एकच शब्द, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. एकदाच फाइन्ड-रिप्लेस करून सगळे ‘ऱ’वर आणावेत.

आता पीडीएफ. ॲस्कीडॉक्टर-पीडीएफ हे त्याच घरातलं साधन मराठीसाठी वापरू नका. त्याखालचं इंजिन अक्षरं नुसती ओळीत मांडतं, जोडाक्षरं घडवत नाही. देवनागरी फॉन्ट दिला तरी ‘किंमत’मधली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘सुक्या’चा पाय मोडतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. एक्स्टेन्शनमधून एचटीएमएल काढा, क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडा आणि प्रिंटमधून पीडीएफ करा: कागद ए-फोर, हेडर-फूटर बंद, तक्त्याला रंग दिला असेल तर बॅकग्राउंड ग्राफिक्स चालू. जोडाक्षरं शाबूत राहतात. तक्त्याला शीर्षक दिलं की वर ‘टेबल 1’ ही इंग्रजी पाटी आपोआप येते. ती बदलायची ओळही डोक्यावर एकदाच लिहावी लागते.

अँड्रॉइड फोनवर मार्कोर (Markor) हे ॲप ठीक. कीबोर्डच्या वर खुणांची पट्टी असते, त्यामुळे भाषा बदलण्याची कटकट निम्मी होते. दर सुधारायला पुरेसं, तक्ता रचायला नाही.

एकच खोली आणि एकच पान असेल तर एवढा खटाटोप नको, वर्डच बरं. छापखान्यात अजून श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालत असेल तर फाइल पाठवूच नका, तिथे युनिकोड मजकुराची रांगोळी होते. सरळ पीडीएफ द्या.